दैव देतं आणि कर्म राखतं का? देशाच्या वाढीतून नशीब वजा करायची रीत

विकासदर चढला की तो धोरणाचा, आणि पडला की पावसाचा, तेलाचा नाहीतर चीनचा. सगळ्या पक्षांची सगळी सरकारं हा हिशोब अशीच मांडतात. वाचणाऱ्याने मात्र आकड्याचे दोन ढीग करावेत: आपोआप पदरात पडलेलं एकीकडे आणि ठरवून केलेलं दुसरीकडे. हे काम अंदाजपंचे करायची गरज नाही. त्याची रीत आहे, आणि साधी आकडेमोड येणाऱ्या कुणालाही ती जमते.

सुरुवातीलाच एक इशारा. १९९३ साली चार अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांची दशकवार वाढ तपासली. एका दशकातली वाढ आणि पुढच्या दशकातली वाढ यांच्यातला सहसंबंध त्यांना जेमतेम ०.१ ते ०.३ मिळाला. म्हणजे आज पुढे असलेला देश दहा वर्षांनीही पुढेच असेल, याची खात्री फार थोडी. शिक्षण, संस्था, धोरणं मात्र इतक्या झपाट्याने बदलत नाहीत. कारण जागच्या जागी आणि परिणाम वरखाली होत असेल, तर मधे तिसरं काहीतरी आहे. त्या तिसऱ्याचा मोठा भाग म्हणजे बाहेरून बसणारे धक्के, बोलीभाषेत नशीब.

उदाहरण म्हणून मॉरिशस घेऊ. कारण सोपं आहे: तिथलं नशीब टनांत मोजता येतं, आणि ते साखरेचं असल्यामुळे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात त्याच उसाच्या मळ्यांवर कोकणातूनही गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, गेले होते. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचाच.

आधी खिडकी नीट निवडा

खिडकी म्हणजे कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत मोजायचं ते. सर्वात जास्त फसवणूक इथे होते. समजा उत्पन्न १०० होतं, चक्रीवादळात ते ८० वर आलं आणि दहा वर्षांनी १३० झालं. वादळाच्या वर्षापासून मोजलं तर वाढ वर्षाला सुमारे ५ टक्के दिसते. वादळाच्या आदल्या वर्षापासून मोजलं तर २.४ टक्के. देश तोच, वर्षही एकच मागेपुढे, तरी दर जवळपास दुप्पट. मॉरिशसमध्ये १९६० च्या कॅरोल चक्रीवादळाने साखरेचं पीक साफ झोपवलं होतं. त्या सालापासून आलेख काढणाऱ्याला कुठलंही सरकार कर्तबगारच दिसेल.

म्हणून शिखरापासून शिखरापर्यंत मोजा, किंवा दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या. आकडा दरडोई आणि स्थिर किमतीचा, म्हणजे महागाई वगळलेला, हवा. मधेच आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमतींत मोजतात ते) बदललं असेल तर जुनी आणि नवी मालिका थेट चिकटवू नका. दोन्हींत सामाईक असलेलं एखादं वर्ष शोधून गुणोत्तराने जोडा.

नशिबाची वही

कागदावर दोन रकाने आखा. प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारा: सरकार झोपलं असतं तरी हे घडलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर ती घटना नशिबाच्या रकान्यात. मॉरिशसची वही साधारण अशी भरते.

१९७४ मध्ये जगात साखरेचा भाव पौंडाला ६० सेंटच्या आसपास गेला आणि १९७७ पर्यंत १० सेंटच्या खाली आला. दोन्ही गोष्टी नशीब, एक चांगलं आणि एक वाईट. १९७५ च्या लोमे करारातल्या (युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यातला व्यापार करार) साखर प्रोटोकॉलने मॉरिशसला युरोपात वर्षाला सुमारे ५ लाख ७ हजार टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने विकायचा कोटा मिळाला. तयार कपड्यांच्या जागतिक व्यापारावर देशवार कोटे होते. हाँगकाँगचे कोटे भरून गेले, तशी तिथली कारखानदार मंडळी मोकळा कोटा असलेला देश शोधू लागली. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार, ही धाकधूक त्यात भर घालत होती. आणि १९९१ मध्ये भारताने दार उघडलं. १९८२-८३ पासून जवळपास पडून असलेल्या भारत-मॉरिशस कर कराराला (मॉरिशसमार्गे भारतात पैसा गुंतवला तर शेअर्सच्या नफ्यावर भारतात कर नाही) त्यामुळे एकदम भाव आला.

दुसऱ्या रकान्यात १९७० चा निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा. गंमत म्हणजे हे क्षेत्र कुंपण घातलेलं नव्हतंच. परवाना असेल तर बेटावर कुठेही कारखाना काढा, कच्चा माल बिनजकाती आणा, ठरावीक वर्षं करात सूट घ्या. याच रकान्यात साखर निर्यातीवरचा कर येतो, परकीय चलनावरचं नियंत्रण येतं, १९७९ आणि १९८१ मधली रुपयाची अवमूल्यनं येतात.

काही नोंदी मात्र कुठल्याच रकान्यात पुऱ्या बसत नाहीत. साखर प्रोटोकॉलच बघा. वाटाघाटी चालू होत्या तेव्हा खुल्या बाजाराचा भाव युरोपच्या भावापेक्षा वर होता. त्या घटकेला हातचा भाव सोडून लांब मुदतीचा मोठा कोटा घेणं हा निर्णय होता. बाजार नंतर कोसळला, हे नशीब. अशा नोंदीला ‘निम्मं-निम्मं’ लिहून मोकळं होऊ नका. निर्णय एका ओळीत आणि त्यानंतरचा भाव दुसऱ्या ओळीत, असं तोडून लिहा. कर कराराचंही तसंच: करार धोरणाच्या रकान्यात, भारताचं १९९१ नशिबाच्या.

घबाडाचं वजन करा

नशिबाच्या प्रत्येक मोठ्या नोंदीला आकडा लावायचा. सूत्र सरळ आहे: टन × (मिळालेला भाव − नशीब नसतं तर मिळाला असता तो भाव) ÷ जीडीपी.

साल २००० घेऊ. युरोपचा हमीभाव टनाला सुमारे ५२३ युरो. तेव्हा युरो ०.९२ डॉलरच्या आसपास होता, म्हणजे झाले सुमारे ४८० डॉलर. जागतिक भाव पौंडाला ८ सेंट. टनाला २,२०४ पौंड धरले तर सुमारे १७६ डॉलर. फरक ३०० डॉलरच्या घरात. ५,०७,००० टनांना गुणलं की १५ कोटी डॉलर. मॉरिशसचा जीडीपी तेव्हा सुमारे ४६० कोटी डॉलर होता. म्हणजे सव्वातीन टक्के, तेही एका वर्षाचे नाहीत, दरवर्षीचे.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे संपूर्ण विक्रीचे पैसे नशिबात धरणं. ऊस लावावा लागतोच, तोडावा आणि गाळावाही लागतो. नशीब फक्त भावातल्या फरकाचं. दुसरी, फरक काढताना तेजीच्या वर्षाचा जागतिक भाव घेणं. तसं केलं तर नशीब शून्य किंवा उणे दिसतं, म्हणून तुलनेचा भाव निदान पाच वर्षांच्या सरासरीचा धरा. २००० हे वर सोयीसाठी घेतलं आहे. तिसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. दरवर्षी मिळणारे सव्वातीन टक्के म्हणजे वाढीचे सव्वातीन टक्के नव्हेत. घबाड सुरू झालं त्या वर्षी उत्पन्नाची पातळी एकदा उचलली जाते. पुढे घबाड तेवढंच राहिलं तर त्यातून थेट वाढ शून्य. त्यानंतरची वाढ दिसलीच, तर त्या पैशाचं पुढे काय केलं त्यातून आलेली असते. नशीब आणि गुंतवणूक यांचा सांधा नेमका इथे आहे.

मोठ्या देशासाठी हेच वजन दुसऱ्या वाटेने करता येतं. स्थिर किमतीच्या जीडीपीत आयात-निर्यातीच्या भावातलं नशीब धरलेलंच नसतं; ते वास्तव राष्ट्रीय उत्पन्नात उतरतं. त्यामुळे उत्पन्नाची वाढ जीडीपीच्या वाढीपेक्षा जास्त दिसली, तर मधलं अंतर साधारणपणे भावांनी दिलेलं. भारताचं २०१३-१४ ते २०१५-१६ बघा. भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव (‘भारतीय बास्केट’) पिंपाला १०५.५ डॉलरवरून ४६.२ डॉलरवर आला. कच्च्या तेलाची आयात सुमारे २० कोटी टन होती. त्यातून तयार मालाची निर्यात सुमारे ६ कोटी टन वजा करा, कारण तिथे आपलाही भाव पडला. उरले १४ कोटी टन, म्हणजे टनाला ७.३ पिंपांप्रमाणे १०२ कोटी पिंपं. प्रत्येकी ५९ डॉलर वाचले, तर सुमारे ६,००० कोटी डॉलर. तेव्हाचा जीडीपी २.१ लाख कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळपास तीन टक्के. त्यातला बराचसा भाग पंपावर पोचलाच नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. ते चांगलं की वाईट, हे शुल्काच्या पैशातून रस्ते झाले की रोजचा खर्च भागला यावर ठरतं. म्हणजे पुढच्या पायरीवर.

पैसा गेला कुठे, ते शोधा

घबाड तीनच वाटांनी जातं: खाण्यात, गुंतवणुकीत किंवा साठवणीत. घबाडाच्या आधीची पाच वर्षं आणि नंतरची पाच वर्षं घ्या. सरकारचा चालू खर्च, खाजगी उपभोग, देशांतर्गत गुंतवणूक आणि परदेशी गंगाजळी, हे सगळं जीडीपीच्या टक्क्यांत मांडा. फरक कुठे पडला ते लगेच दिसतं.

मॉरिशसने हा पेपर दोनदा दिला. १९७४-७५ च्या तेजीत पगार, अनुदानं आणि सरकारी खर्च फुगला. भाव पडला तेव्हा यातलं काहीच मागे घेता येईना. दशक संपताना परदेशी देणी भागवायची मारामार झाली आणि नाणेनिधीकडे जावं लागलं. पगार आणि अनुदानं म्हणजे दात असलेलं चाक, पुढे फिरतं पण मागे फिरत नाही. घबाडातून कायमचा खर्च उभा राहिला की पुढचं वाईट वर्ष थेट कर्जात जातं.

दुसऱ्या वेळी निकाल वेगळा लागला. साखरेच्या मळेवाल्यांकडे प्रोटोकॉलचा पैसा दरवर्षी येत होता. चलन नियंत्रणामुळे तो बाहेर नेणं सोपं नव्हतं आणि उसाची जमीन वाढवायला बेटावर जागा नव्हती. तेव्हा करसवलतीचा कापडधंदा आणि किनाऱ्यावरची हॉटेलं समोर उभी होती. निर्यात क्षेत्रातलं साधारण निम्मं भागभांडवल स्थानिक होतं, परदेशी पैशावर चालणाऱ्या इतर देशांतल्या अशा क्षेत्रांपेक्षा बरंच जास्त. १९८० चं दशक संपेपर्यंत त्या कारखान्यांत सुमारे ९० हजार माणसं कामाला होती आणि नोकऱ्यांत कापडधंद्याने साखरेला मागे टाकलं होतं.

गुंतवणुकीच्या आकड्यात शिरताना दोन खड्डे चुकवा. मॉरिशसच्या विमान कंपनीने एखादं विमान घेतलं की त्या वर्षीचा गुंतवणूक दर उडी मारतो. तिथलं सांख्यिकी कार्यालय म्हणूनच विमानं आणि जहाजं वगळून वेगळा आकडा देतं, तोच वापरा. दुसरं म्हणजे परदेशी गुंतवणूक. मॉरिशसमध्ये नोंदलेल्या हजारो कंपन्यांतून फक्त पुढे जाणारा पैसा बेटावर एक वीटही रचत नाही. त्याला धरून काढलेला आकडा देशाच्या जीडीपीच्या कितीतरी पट निघू शकतो. तो वगळा.

गुंतवणूक पिकली का?

गुंतवणुकीचा दर भागिले वाढीचा दर, की निघतं वाढीव भांडवल-उत्पादन गुणोत्तर, म्हणजे एक टक्का वाढीला किती टक्के गुंतवणूक लागली ते. गुंतवणूक जीडीपीच्या २४ टक्के आणि वाढ ६ टक्के, तर ४. गुंतवणूक ३० टक्के आणि वाढ ४ टक्के, तर ७.५, म्हणजे पैसा जातोय पण पिकत नाही. एका वर्षाचा आकडा काढून भांडू नका. पाच वर्षांची सरासरी घ्या आणि गुंतवणूक वाढीच्या एक वर्ष मागची धरा. कारखाना उभा राहायला वेळ लागतो, धरणाला तर फारच.

या आकड्याची एक खोड आहे. मंदीतून बाहेर पडताना रिकामी यंत्रं पुन्हा फिरू लागतात, नवी गुंतवणूक न होताच उत्पादन वाढतं आणि गुणोत्तर सुरेख दिसतं. म्हणून पुन्हा शिखर ते शिखर. पायरी एकमध्ये आळस केला असेल तर तो इथे अंगाशी येतो.

तेच नशीब लाभलेल्यांशी तुलना

ही पायरी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. मॉरिशसची तुलना सिंगापूरशी करून उपयोग नाही. ज्यांना तेच घबाड मिळालं त्यांच्याशी करा. साखर प्रोटोकॉलमध्ये फिजी होतं, गयाना होतं. तिथेही ऊस, तिथेही गिरमिटियांचे वंशज, तिथेही ब्रिटिश वसाहतीचा वारसा.

आधी नशीब माणशी मोजून घ्या, नाहीतर तुलना लंगडी पडते. मॉरिशसचा कोटा ५,०७,००० टन आणि २००० च्या सुमारास लोकसंख्या १२ लाखांच्या आत, म्हणजे माणशी ४२५ किलोच्या आसपास. फिजीचा कोटा सुमारे १,६५,००० टन आणि लोक आठ लाखांवर, म्हणजे माणशी २०० किलो. गयानाही तेवढ्यातच. तेव्हा मॉरिशसचं नशीब दुप्पट होतं, हे आधी कबूल करायचं.

पण फरक तेवढ्यावर थांबत नाही. गयानाने १९७४ मध्ये साखरेवर भारी लेव्ही (जादा कर) बसवली आणि १९७६ मध्ये मळे-कारखाने सरकारी केले. घबाड सरकारच्या हाती आलं आणि उद्योगाच्या दुरुस्तीला पैसा राहिला नाही. फिजीत १९८७ मध्ये दोन बंडं झाली. १९९७ पासून उसाच्या जमिनींचे तीस वर्षांचे भाडेपट्टे संपू लागले, नूतनीकरण अडलं आणि शेतकरी जमिनी सोडून गेले. उद्या जमीन आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस नवा ऊस लावत नाही. गुंतवणूक धोरण म्हणजे फक्त करसवलत, असं समजणाऱ्याने फिजीचे भाडेपट्टे बघावेत.

नशीब संपल्यावर काय झालं?

शेवटची चाचणी नशीब संपलं त्या वर्षांची. १ जानेवारी २००५ ला कपड्यांचे कोटे संपले. हाँगकाँगचे काही कारखानदार गाशा गुंडाळून गेले आणि हजारो नोकऱ्या गेल्या. २००६ ते २००९ दरम्यान युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि प्रोटोकॉलही संपला. मे २०१६ मध्ये भारताने कर करार बदलला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारतात कर लागू झाला. तीन आधार बारा वर्षांत काढून घेतले गेले.

आता वरची वही उघडा. हे तिन्ही आधार वजा करून देश चालू राहिला, तर उरलेलं धोरणाच्या खात्यात. मॉरिशस अडखळला, पण बसला नाही. साखर कारखाने एकत्र केले, चिपाडावर वीज काढली, पर्यटन आणि वित्तसेवा वाढवल्या. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याला उच्च उत्पन्न गटात घातलं आणि पुढच्याच वर्षी कोरोनाने पर्यटन बुडाल्यावर खाली आणलं. ही घसरण नशिबाच्या रकान्यात लिहायची. एकाच धंद्यावर इतका भार होता, ही नोंद मात्र दुसऱ्या रकान्यातली.

घबाड हाती असताना: नियम कसा बांधायचा

ही रीत मागे वळून बघायला आहे तशी पुढचं ठरवायलाही. खनिज किंवा पिकाच्या भावावर चालणाऱ्या राज्याने चार गोष्टी लेखी कराव्यात.

संदर्भभाव, म्हणजे लांब मुदतीत टिकेल असा भाव, ठरवा, आणि तो अर्थमंत्र्याने नव्हे तर बाहेरच्या समितीने. चिलीत तांब्यासाठी अशीच पद्धत आहे. संदर्भभावाच्या वरचा पैसा अर्थसंकल्पात धरायचाच नाही.

वरचा पैसा निधीत टाका आणि त्यातून काढायची मर्यादा ठरवा. नॉर्वेने २००१ मध्ये निधीच्या ४ टक्के ही मर्यादा ठेवली होती, २०१७ मध्ये ती ३ केली. मर्यादा मुद्दलाला हात न लागणाऱ्या परताव्याएवढी हवी.

चालू खर्च बिनखनिज उत्पन्नात भागतो का, ते दरवर्षी तपासा. हिऱ्यांवर जगणाऱ्या बोत्सवानाने यासाठी एक गुणोत्तर वापरलं: शिक्षण आणि आरोग्य सोडून उरलेला चालू खर्च भागिले खनिज सोडून उरलेला महसूल. उत्तर १ च्या खाली असलं तर घबाड गुंतवणुकीत जातंय. समजा बिनखनिज महसूल ८,००० कोटी, चालू खर्च ९,२०० कोटी आणि त्यात शिक्षण-आरोग्याचे २,००० कोटी. ७,२०० भागिले ८,०००, म्हणजे ०.९. ठीक आहे. तेजीत आणखी १,००० कोटींचा पगारवाढीचा बोजा घेतला की १.०२५, आणि घसरण सुरू. मात्र शाळा-दवाखान्यांच्या नावाखाली काहीही घुसवलं तर हे गुणोत्तर खोटं बोलतं.

चौथी गोष्ट, प्रकल्पांची यादी घबाडाच्या आधी तयार ठेवा. पैसा आल्यावर यादी करायला घेतली की कमानी, सभागृहं आणि कधी न उडणारी विमानतळं आधी होतात.

गोव्याच्या वहीत हे सगळं एकत्र दिसतं. चीनच्या पोलाद कारखान्यांना हलकं लोहखनिजही चालू लागलं आणि गोव्याच्या मातीला सोन्याचा भाव आला, हे नशीब. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेचा १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. टनाला १८० डॉलर पाहिलेला भाव २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे बंदी नसती तरी तेजी ओसरलीच असती. तेजीतल्या वर्षांची तपासणी करायला बसाल तेव्हा खाणमालक, ट्रकमालक आणि सरकारी तिजोरी अशी तीन पानं वेगळी लिहा. ट्रकचे हप्ते हीसुद्धा गुंतवणूकच होती, फक्त ती एकाच खनिजाच्या एकाच भावावर बेतलेली होती.